मान ना मान

मंडळी, माझ्या मणक्यात गॅप आलाय. हे निदान डॉक्टरांचं नाही हां! आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, चौथ्या मजल्यावरच्या काकू आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला अशा त्रिसदस्यीय समितीनं ते एकमतानं केलेलं आहे. आपल्याकडे मानेला काही झालं की 'गॅप आलाय' आणि कमरेला काही झालं की 'गादी सरकलीय'. विषय कट. गोल्डन नेस्टपासून जेसल पार्कच्या चौपाटीपर्यंत कुठलीही सोसायटी घ्या, गॅलरीत टॉवेलांच्या शेजारी एक तरी मानेचा पट्टा वाळत घातलेला दिसेल.

माझं प्रकरण सुरू झालं गेल्या जुलैत. भाईंदर ते दादर फास्ट, मग स्लो पकडून लोअर परळ, हा रोजचा कार्यक्रम. लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तर लॉटरी. नाहीतर एका हातात वरची कडी, दुसऱ्यात मोबाइल, उजव्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग आणि मान खाली. मीरारोड आलं कधी, बोरिवली गेलं कधी, काही पत्ता नसतो. सिरीजचा एपिसोड संपला की समजायचं दादर आलं. ऑफिसात पोचलं की पुन्हा नऊ तास मान खाली. लग्नात सासूबाई म्हणाल्या होत्या, पोरगी मान वर करून बघत नाही, संस्कारी दिसतेय. त्यांना काय माहीत!

तर एका सकाळी उठले आणि उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट उठायलाच तयार नाही. मुंग्या. दुपारपर्यंत खांद्यापासून मनगटापर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढतंय अशी कळ. चहाचा कप डाव्या हातात घेतला तेव्हा मात्र टरकले. संध्याकाळी सरळ डॉक्टर गाठले.

डॉक्टर जुन्या वळणाचे निघाले. आधी हातोडीनं कोपरावर टकटक, मग टाचणीनं बोटं टोचून पाहिली, मग म्हणाले, "तुमची मान नाही दुखत, तुमची नस ओरडतेय." मानेत मणके सात. (जिराफाच्याही मानेत सातच असतात, हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.) दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, म्हणजे डिस्क. बाहेर चिवट कडं, आत मऊ गर. कडं फाटून गर मागे आला की तो शेजारून हाताकडे जाणाऱ्या नसेवर दाबतो. अंगठा आणि पहिलं बोट म्हणजे सहावी नस, आणि तिला छळणारी चकती बहुतेक वेळा पाचव्या-सहाव्या मणक्यामधली. एमआरआयवर अगदी तेच निघालं.

औषधं, फिजिओ, सहा आठवडे वाट बघा. एवढंच. आणि एक यादी दिली, ती मी फ्रिजवर लावलीय: हातातली ताकद कमी व्हायला लागली, शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जायला लागला, लघवीचं भान सुटलं, तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी यायचं. कारण मग प्रश्न नसेचा राहत नाही, मज्जारज्जूचा होतो. नवरोबांनी त्याखाली पेनानं लिहिलं, 'नेट स्लो झालं तर नाही.'

माझी गोष्ट इथवर सरळ आहे. लोच्या पुढे आहे.

आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे. वय एकोणतीस, मीरारोडला राहतो, आम्ही दोघं कधीकधी एकाच गाडीत असतो, अर्थात डबे वेगळे. त्याचीही मान दुखते. वर्षभर. मान आणि खांदे, बाकी काही नाही. हातात मुंग्या नाहीत, कळ नाही, ताकद ठणठणीत. त्यानंही एमआरआय काढला आणि एका हॉस्पिटलात दाखवला. नाव विचारू नका, सांगणार नाही. तिथून तो ग्लॉसी ब्रोशर घेऊन आला. 'आर्टिफिशियल डिस्क रिप्लेसमेंट.' खराब चकती काढायची, तिथे नवी बसवायची, धातूची आणि प्लॅस्टिकची. मान पहिल्यासारखी फिरते. दुसऱ्या दिवशी घरी, काही आठवड्यांत जिम. खाली ठळक अक्षरात, अमेरिकेच्या एफडीएची मान्यता. आणि सोबत इस्टिमेट, ज्याचा आकडा मीरारोडच्या वन बीएचकेच्या वर्षभराच्या भाड्याहून मोठा होता. मेडिक्लेम कॅशलेस करून देतो म्हणाले, सोमवारपर्यंत सांगा.

कँटीनमध्ये त्यानं आपला रिपोर्ट माझ्या रिपोर्टशेजारी ठेवला. गंमत बघा, त्याचा रिपोर्ट माझ्यापेक्षा डेंजर! माझ्या एका चकतीचं नाव लिहिलेलं, त्याच्या तिघींची. "तुला तर काहीच नाही," तो म्हणाला. मी डाव्या हातानं डोसा तोडत होते. मग म्हणाला, "तू ते कॉलम-बिलम लिहितेस ना? जरा वाच ना यावर. मला सांग करू की नको."

तर शनिवार-रविवार वाचलं. नवऱ्यानं दोनदा मॅगी करून घातली.

मुळात ही भानगड सुरू कुठून झाली? १९५०च्या दशकात अमेरिकेत रॉबिन्सन आणि स्मिथ, आणि त्याच सुमारास क्लोवर्ड, यांनी मानेच्या चकतीचं ऑपरेशन पुढून करायची पद्धत आणली. पुढून म्हणजे गळ्याकडून! मानेचं दुखणं आणि चीर गळ्याला. ऐकायला भयंकर वाटतं, पण मागून गेलं तर वाटेत मज्जारज्जू येतो, पुढून गेलं तर अन्ननलिका आणि श्वासनलिका जरा बाजूला सारली की समोर चकती. ती काढायची, रिकाम्या जागेत हाडाचा तुकडा बसवायचा आणि दोन मणके कायमचे जोडून टाकायचे. याला म्हणतात फ्यूजन. नस मोकळी होते, हाताची कळ जाते. आजही जगभर हे ऑपरेशन होतं आणि चांगलं होतं.

फक्त एक मेख आहे. समजा मीरारोड स्टेशन बंद केलं. गर्दी कुठे जाईल? दहिसर आणि भाईंदरवर. तसंच एक सांधा गोठवला की वरच्या आणि खालच्या चकतीवर जास्त ताण येतो, असा डॉक्टरांचा कयास. अमेरिकेतल्या हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये फ्यूजन झालेल्या ३७४ जणांचा हिशोब मांडला. शेजारच्या पातळीवर नवा त्रास सुरू होण्याचं प्रमाण वर्षाला सरासरी २.९ टक्के, आणि दहा वर्षांत साधारण चौघांतल्या एकाला तो होईल असा अंदाज. आता हा ताणामुळे होतो की त्या माणसाच्या चकत्या तशाही झिजणारच होत्या, यावर अजून भांडण आहे. पण सर्जन लोकांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला: सांधा गोठवायचाच कशाला? फिरता ठेवला तर?

तसा किडा आधीही वळवळला होता. स्वीडनच्या फेर्नस्ट्रॉम नावाच्या सर्जननं चकतीच्या जागी चक्क स्टीलची गोळी बसवून पाहिली होती. बॉलबेअरिंगसारखी. १९६६ मध्ये त्यानं ते छापलं. गोळी कडक, मणका त्या मानानं मऊ, त्यामुळे बऱ्याच गोळ्या हाडात रुतल्या. आयडिया थंड पडली. मग इंग्लंडात ब्रिस्टलला कमिन्स नावाच्या न्यूरोसर्जननं १९८९ नंतर स्टीलचाच, पण दोन तुकड्यांचा सांधा बनवला आणि १९९८ मध्ये २० पेशंटचा अनुभव छापला. त्या सांध्याचीच पुढची पिढी म्हणजे 'प्रेस्टीज'. (प्रेशर कुकरशी संबंध नाही.) जुलै २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं तिला परवानगी दिली, मानेच्या कृत्रिम चकतीला मिळालेली ती तिथली पहिली. डिसेंबर २००७ मध्ये 'प्रोडिस्क-सी', २००९ मध्ये 'ब्रायन', २०१३ मध्ये 'मोबी-सी', आणि हिला तर शेजारशेजारच्या दोन चकत्यांसाठीही.

आणि आकडे? आकडे सॉलिड आहेत, खोटं कशाला बोलू. प्रेस्टीजच्या चाचणीत ५४१ पेशंट. चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी केली, २७६ जणांना चकती, २६५ जणांना फ्यूजन. सात वर्षांनी बघितलं तर शेजारच्या पातळीवर पुन्हा ऑपरेशन करायची वेळ चकतीवाल्यांत ४.६ टक्के, फ्यूजनवाल्यांत ११.९. जिथे ऑपरेशन झालं त्याच जागी पुन्हा चाकू लावायची वेळ ४.८ विरुद्ध १३.७ टक्के. ब्रायन चकतीचे दहा वर्षांचे आकडे आहेत: सगळ्या निकषांवर एकत्रितपणे यशस्वी ८१.३ टक्के, फ्यूजनमध्ये ६६.३.

रविवारी दुपारी चार वाजता मी त्या मुलाला मेसेज टाइप करायला घेतला होता, 'कर बिनधास्त'. मोबाइल हातात होता. मग सहज म्हटलं, हे ५४१ लोक होते तरी कोण, ते बघू.

ते लोक आमच्या दोस्तासारखे नव्हतेच, बॉस! ते माझ्यासारखे होते. माझ्याहून वाईट अवस्थेतले. या मोठ्या अमेरिकन चाचण्यांत प्रवेशासाठी अट होती: नस किंवा मज्जारज्जू दबल्याची लक्षणं हवीत, म्हणजे हातात कळ, मुंग्या, ताकद कमी, ती एमआरआयशी जुळायला हवीत, आणि बहुतेकांना निदान सहा आठवडे औषध-फिजिओ करूनही गुण आलेला नसावा. प्रेस्टीज आणि ब्रायनच्या चाचण्यांत तर वगळायच्या यादीत स्पष्ट होतं की ज्याची फक्त मान दुखते आणि दुसरं काही नाही, त्याला घ्यायचं नाही.

म्हणजे ब्रोशरवरची ती ठळक मान्यता खरी, आकडेही खरे, पण ज्या माणसाच्या हातात ब्रोशर ठेवलं होतं त्याला चाचणीच्या दारातूनच परत पाठवलं असतं. मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग मेसेज डिलीट केला.

एकदा शंका आली की माणूस सगळंच उलटून बघतो. मीही बघितलं. पहिली गोष्ट, या चाचण्यांत चकतीची तुलना होती फ्यूजनशी. फिजिओशी नाही, काहीच न करण्याशी नाही. म्हणजे प्रश्न असा होता: ऑपरेशन तर करायचंच आहे, मग यातलं कुठलं? 'ऑपरेशन करू का' या प्रश्नाला तिथे उत्तरच नाही, कारण तो विचारलाच नव्हता. फास्ट बरी की स्लो हे ठरवून कुणी चर्चगेटला जायचं की नाही ते ठरवत नाही. दुसरी गोष्ट, चाचण्यांचा खर्च चकती बनवणाऱ्या कंपन्यांनी केलेला. त्यात लपवाछपवी नाही, कुणाला तरी खर्च करावाच लागतो. पण आपल्या वाट्याला काय आलं हे पेशंटला कळत होतं. चकचकीत नवी वस्तू मिळेल म्हणून आलेल्याला जुनंच फ्यूजन मिळालं की त्याचा मूड कसा असेल? ब्रायनच्या चाचणीत वाटणी झाल्यावर माघार घेणाऱ्यांत फ्यूजन वाट्याला आलेले जास्त होते. आणि 'बरं वाटतंय का' हे मोजतात कसं? एक प्रश्नावली आहे, १९९१ पासूनची, 'नेक डिसॅबिलिटी इंडेक्स'. दहा प्रश्न: दुखणं, अंघोळ-कपडे, वजन उचलणं, वाचन, डोकेदुखी, लक्ष लागणं, काम, गाडी चालवणं, झोप आणि करमणूक. प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क. मी भरून पाहिली. गाडी चालवण्याच्या प्रश्नाला भाईंदरच्या माणसानं काय लिहावं ते समजेना. आम्ही गाडी चालवत नाही, गाडीत लटकतो.

मग युरोपात काय झालं? तिथल्या चाचण्या लहान, पण मला जास्त आवडल्या. नॉर्वेत १३६ पेशंट, २०१७ मध्ये दोन वर्षांचा निकाल: चकती आणि फ्यूजन यांत पेशंटच्या दृष्टीनं फरक नाही. स्वीडनमध्ये १५३ पेशंट, २०१५, तोच निकाल. आणि हॉलंडवाल्यांनी तर कमाल केली. त्यांनी १०९ पेशंटचे तीन गट केले. एकात नुसती चकती काढली आणि मध्ये काहीच ठेवलं नाही, दुसऱ्यात फ्यूजन, तिसऱ्यात कृत्रिम चकती. आणि पेशंटला सांगितलंच नाही की तुझ्या मानेत नेमकं काय आहे! दोन वर्षांनी, २०१९ मध्ये निकाल छापला: तिघांची अवस्था जवळपास सारखी. नस मोकळी झाली, बरं वाटलं. मध्ये काय बसवलं यानं फार फरक पडला नाही.

आता चकतीच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. दोन वर्षं म्हणजे शेजारच्या चकत्यांचा हिशोब मांडायला कमीच. तो फरक दिसायचा तर सात-दहा वर्षांतच दिसणार, आणि अमेरिकन आकड्यांत तो दिसतोय. पण ब्रायनच्या दहा वर्षांच्या आकड्यांत शेजारच्या ऑपरेशनचं प्रमाण ९.७ विरुद्ध १५.८ टक्के आहे आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर एवढा फरक नशिबानंही पडू शकतो. शिवाय एक विनोदच म्हणायचा: काही पेशंटच्या शरीराला ही फिरती चकती पसंत पडत नाही. तिच्याभोवती हाड वाढतं आणि सांधा हळूहळू जाम होतो. म्हणजे गोठवायचा नव्हता म्हणून एवढा खटाटोप केला आणि तो आपला आपण गोठला! या हाडवाढीच्या पायऱ्या मोजायची पट्टीसुद्धा २००३ मध्येच तयार झालीय. माझ्यासारख्या हातात कळ असलेल्या, सहा आठवड्यांत गुण न आलेल्या, तरुण वयाच्या, एकाच चकतीच्या पेशंटसाठी ही कृत्रिम चकती हा एक चांगला पर्याय आहे, असं मी वाचून ठरवलं. मला वेळ आली तर मी विचारीन. पण तो माझ्यासाठी.

त्याच्यासाठी काय? त्याला घाबरवलं होतं त्या रिपोर्टनं. तीन चकत्या फुगलेल्या. इथे मला जपानच्या एका अभ्यासानं हात दिला. २०१५ मध्ये छापलाय. त्यांनी १,२११ धडधाकट लोकांचा मानेचा एमआरआय काढला. धडधाकट म्हणजे ज्यांना काहीही त्रास नाही असे. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. आणि म्हाताऱ्यांमुळे आकडा वाढला म्हणावं तर विशीतले बघा: पुरुष ७३.३ टक्के, बायका ७८ टक्के. एकोणतीस वर्षांच्या पोराच्या एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसणं म्हणजे डोक्यात एक पांढरा केस सापडण्यासारखं आहे. बघून धक्का बसतो, पण त्यानं डोकं दुखतंय असं होत नाही.

आणि माझ्यासाठी? तिथे दिलासा मिळाला आपल्याच माणसाकडून. के. राधाकृष्णन हे न्यूरॉलॉजिस्ट, पुढे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचे संचालक झाले. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रॉचेस्टर गावातल्या, मानेतली नस दबलेल्या ५६१ जणांची १९७६ ते १९९० ची कागदपत्रं तपासली आणि १९९४ मध्ये निष्कर्ष छापला. ऑपरेशन लागलं २६ टक्क्यांना. आणि सरासरी पाच वर्षांच्या आसपास पाठपुरावा केल्यावर नव्वद टक्के लोक एकतर ठीक होते किंवा किरकोळ तक्रारीवर होते. १९९७ मध्ये स्वीडनच्या पेर्सोन आणि मंडळींनी ८१ जणांना तीन गटांत वाटलं: ऑपरेशन, फिजिओ आणि मानेचा पट्टा. चार महिन्यांशी ऑपरेशनवाले पुढे होते. वर्षभरानं तिघं बरोबरीत. गॅलरीत वाळणाऱ्या त्या पट्ट्याकडे मी आता जरा आदरानं बघते.

मुंबईत या वादाला आणखी एक टोक आहे आणि ते माझ्या ऑफिसपासून शेअर टॅक्सीच्या अंतरावर, परळच्या केईएममध्ये आहे. तिथे न्यूरोसर्जरी विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. अतुल गोयल. पहिल्या दोन मणक्यांना स्क्रू आणि पट्टीनं जोडायची त्यांची पद्धत १९९४ मध्ये छापली गेली आणि आज जगभर वापरली जाते. चकतीबद्दल त्यांचं म्हणणं सगळ्यांच्या उलट आहे. ते म्हणतात, तुम्ही चोर सोडून संन्याशाला पकडताय. खरा दोष मणक्यांच्या मागच्या बाजूच्या छोट्या सांध्यांतल्या अस्थिरतेचा. चकती फुगणं, हाडाचे काटे वाढणं हे त्याचे परिणाम. म्हणून ते सांधे घट्ट जोडा, चकतीला हातही लावू नका. २०१० पासून त्यांनी हा विचार मांडलाय आणि आपल्या पेशंटचे अनुभव छापलेत. पण हे अनुभव त्यांच्या स्वतःच्या पेशंटचे आहेत, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेली चाचणी नव्हे, त्यामुळे सगळं जग त्यांच्या मागे गेलेलं नाही. आपल्या मराठी घरांत मणका म्हटलं की ज्यांचं नाव निघतं ते डॉ. प्रेमानंद रामाणीही ओळखले जातात ते कमरेचे मणके जोडण्याच्या ऑपरेशनसाठी. म्हणजे ब्रोशर सांगतं हलतं ठेवा आणि मुंबईचे दिग्गज सांगतात जोडा. तज्ज्ञांचं एकमत फक्त आमच्या वॉचमनकडे.

हे सगळं मी सोमवारी त्याला सांगितलं. कँटीनमध्ये नाही, गाडीत. तो जनरलमधून उतरून दादरला माझी वाट बघत थांबला होता. ब्रिजवर गर्दीत ढकलले जात असताना मी त्याला विचारलं, "तुझ्या हातात कधी मुंग्या आल्या? कळ?" नाही म्हणाला. "त्या डॉक्टरांनी हातोडी मारून पाहिली? चालायला लावलं?" नाही. एमआरआय लाइटच्या पाटीवर लावला आणि बोलले. "मग त्यांना एवढंच विचार," मी म्हटलं, "की ज्या चाचणीवर ही मान्यता मिळाली त्यात माझ्यासारखे किती पेशंट होते."

त्यानं खरंच विचारलं. फोनवर. पलीकडच्या को-ऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, सरांना विचारून कळवते. त्याला आता चार आठवडे झाले. मध्यंतरी कॅशलेसची मंजुरी मात्र न मागता आली, ती त्याच्या व्हॉट्सॲपवर पडून आहे.

दुसरं मत त्यानं एका सरकारी हॉस्पिटलात घेतलं. सुट्टी टाकून, सकाळी सातला केसपेपरच्या लाइनीत उभं राहून. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी एमआरआयचं पाकीट उघडण्याआधी त्याला एका सरळ रेषेत चालवलं, शर्टाची दोन बटणं उघडून लावायला सांगितली, मुठी दहा सेकंदांत किती वेळा उघडतात ते मोजलं. मग पाकीट बघितलं आणि म्हणाल्या, ऑपरेशन कसलं? व्यायाम लिहून दिला, मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत आणायला सांगितला, आणि झोप किती होते विचारलं. तो पाच तास म्हणाला. त्यावर त्यांनी फक्त चष्म्यावरून बघितलं म्हणे.

त्याची मान अजून दुखते. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण अशा गोष्टींच्या शेवटी सगळे ठणठणीत होतात आणि मग आपल्याला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. तीन आठवडे व्यायाम करून त्याच्या मते तीस टक्के फरक आहे. वैतागून कधीकधी म्हणतो, चकती बसवली असती तर आत्तापर्यंत जिमला असतो. कदाचित असताही. कदाचित गळ्याला चीर आणि मान तशीच दुखणारी असती. त्याच्यासारख्यांवर मोठी चाचणी झाल्याशिवाय कुणीच हे सांगू शकत नाही, आणि ब्रोशर तर नाहीच नाही.

माझी कळ सहाव्या आठवड्यात नाही, दहाव्या आठवड्यात गेली. त्या मधल्या चार आठवड्यांत मी दोनदा सर्जनची अपॉइंटमेंट घेतली आणि दोनदा रद्द केली. अंगठ्याच्या टोकाशी अजून थोड्या मुंग्या आहेत, विशेषतः पावसात छत्री धरली की. चहाचा कप मात्र उजव्या हातात परत आलाय. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात बोलावलंय, हातोडी घेऊन बसतील.

लॅपटॉपची बॅग आता दोन पट्ट्यांची घेतलीय, पाठीवरची. फिजिओवाली खूश. डब्यातल्या बायका अजिबात नाहीत, कारण पाठीवरची बॅग गर्दीत मागचीच्या नाकात जाते. पहिल्याच दिवशी मीरारोडला चढलेल्या एकीनं खडसावलं, "ओ मॅडम, दप्तर पुढे घ्या!" तेव्हापासून बोरिवलीपर्यंत बॅग छातीवर. दोन्ही हात तिच्यावर ठेवावे लागतात, मोबाइल काढताच येत नाही. त्यामुळे सिरीजचे आठ एपिसोड बाकी आहेत. शेवटी काय होतं कुणी सांगू नका प्लीज.